अस्वल नसलेल्या रानातलं मोहोळ

होळी सरली की मुंबई-नाशिक महामार्गावर आटगाव-खर्डीच्या आसपास, आणि तिकडे मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोकावड्याच्या पुढे, मधाच्या बाटल्या दिसू लागतात. बाटली पाण्याची नाहीतर दारूची, बुचाला प्लास्टिकचा कागद. गाडीतून उतरलेलं गिऱ्हाईक परीक्षा घ्यायला बसतं. कोणी काडी मधात बुडवून पेटवतं, कोणी कागदावर थेंब टाकून पाहतं. या परीक्षांना काही अर्थ नाही. साखरेचा चांगला पाक त्यात सहज पास होतो. २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बाजारातल्या तेरा ब्रँडचा मध जर्मनीतल्या प्रयोगशाळेतून तपासून आणला, तेव्हा दहा ब्रँड नापास झाले. त्यातले बरेचसे आपल्याकडच्या नेहमीच्या चाचण्या पार करून आले होते. जिथे प्रयोगशाळा फसतात तिथे काडीपेटीचं काय घेऊन बसायचं?

पण त्या बाटलीत पाहण्यासारखं दुसरं काहीतरी असतं, आणि ते उघड्या डोळ्यांना दिसतं. मध गढूळ, दुधी असेल, तोंडाशी फेस चढला असेल, तर मोहोळ सगळंच्या सगळं पिळलेलं आहे: मध, पराग, अंडी, अळ्या, सगळं एकाच मुठीत. मध स्वच्छ, तांबूस आणि संथ असेल, तर काढणाऱ्याने मधाचाच भाग कापलेला आहे. पहिल्या बाटलीमागे एक संपलेलं मोहोळ असतं. दुसऱ्या बाटलीमागे महिन्याभरात पुन्हा भरणारं मोहोळ असू शकतं.

हा लेख त्या दोन बाटल्यांमधल्या फरकाबद्दल आहे. त्यासाठी आधी अस्वलाकडे जावं लागेल.

*

जिथे जिथे अस्वल आहे तिथल्या मधपाळाला विचारा, पेट्यांची भीती कोणाची? तो पहिलं नाव अस्वलाचं घेईल. उत्तर अमेरिकेत काळं अस्वल, युरोपात आणि तुर्कस्तानात तपकिरी, हिमालयात गळ्याखाली चांदवा असलेलं काळं. आपल्याकडचं केसाळ अस्वल खरं तर वाळवी-मुंग्यांवर जगणारं जनावर. वरच्या जबड्यातले मधले दोन दात त्याला नसतातच. नाकपुड्या मिटायच्या, ओठ पुढे काढायचे आणि त्या फटीतून वारुळातली वाळवी ओढायची. तो आवाज रात्री शंभर पावलांवरूनही ऐकू येतो. मोह, बोर, जांभूळ, उंबर, बहाव्याच्या शेंगा हा मोसमी मेवा. आणि मध मिळाला तर मग काही विचारायला नको. आग्या मोहोळ असलेल्या झाडावर ते लांब नखांनी चढतं, पोळं खाली पाडतं, मागोमाग उतरतं आणि माश्या डसत असताना कण्हत-कुंथत खातं. अंगावरचे केस बऱ्याच नांग्या अडवतात. नाक-ओठ मात्र वाचत नाहीत.

लोकांना वाटतं अस्वलाला गोड आवडतं. आवडतंच. पण पोळ्यातल्या पिल्लांवरही त्याचा तितकाच डोळा असतो. मध म्हणजे साखर; अळ्या आणि कोष म्हणजे प्रथिनं आणि चरबी. म्हणून अस्वल मधाची बाजू खाऊन उरलेलं माश्यांना ठेवत नाही. त्याला सगळंच हवं असतं. हे लक्षात ठेवू, पुढे कामाला येईल.

किपलिंगने बलूला मोगलीचा गुरू केला म्हणून अस्वल घरोघरी पोचलं. त्याच्या ‘रेड डॉग’ या गोष्टीत वैनगंगेच्या कड्यांवरच्या आग्या माश्या रानकुत्र्यांच्या टोळक्यातले कित्येक संपवतात, ते मात्र फार कमी जणांना आठवतं. वैनगंगा आपलीच नदी. महाराष्ट्रातलं अस्वल आज तिकडेच जास्त: विदर्भात, मेळघाट-बुलढाण्याच्या डोंगरांत, सातपुड्यात. दुसरा पट्टा दक्षिण सह्याद्रीचा, राधानगरी-भुदरगड-चंदगडकडचा. मधल्या उत्तर कोकणाचं नाव या यादीत येत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या मागच्या पिढीने अस्वल पाहिलं असेल तर दरवेशाच्या दोरीला. दारात डमरू वाजायचा, पोरं गोळा व्हायची, अस्वलाचा एखादा केस उपटून ताईतात घालून पोराच्या गळ्यात बांधला जायचा. २००९ च्या सुमाराला नाचणाऱ्या अस्वलांचा तो धंदा देशातून संपला, आणि इकडच्या लोकांचा अस्वलाशी असलेला शेवटचा संबंधही.

म्हणजे शहापूर-मुरबाडच्या माणसाने पोळं अस्वलापासून राखण्याचा प्रश्न येत नाही. तरीही पोळी मात्र अस्वलाच्या हाती लागल्यासारखीच संपत आहेत.

*

अस्वलापासून पोळं राखण्याच्या युक्त्या जगभर निघाल्या, आणि त्यातल्या काही भलत्याच हुशार आहेत. रशियात उरल डोंगरांच्या पायथ्याशी बश्कीर लोक जिवंत पाइन झाडाच्या उंच खोडात कोनाडा कोरून माश्या वसवतात. १९८६ साली तिथे शुल्गान-ताश हे राखीव क्षेत्र झालं ते मुख्यतः या रानटी मधमाश्यांसाठी. अस्वल चढून येणार हे गृहीतच असतं. म्हणून कोनाड्याच्या तोंडाशी दोराने एक जड ओंडका लोंबता ठेवतात. अस्वल तो बाजूला ढकलतं, ओंडका झोका खाऊन परत येतो आणि त्यालाच लागतो. चिडून ते जोराने ढकलतं, ओंडका जोराने परततो. अस्वल जितकं रागावेल तितका मार जास्त. पोलंड आणि बेलारूसमधली झाडावरची मधपाळी २०२० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली, ती याच घराण्यातली.

हिमालयात घरच कामाला लावलं. हिमाचल, उत्तराखंड, काश्मीर इथल्या जुन्या घरांच्या जाड भिंतींत मधमाश्यांसाठी खण ठेवलेले असतात. बाहेरून माश्यांपुरतं भोक, आतून फळी. घरधनी घरात बसून मध काढतो. अस्वलाला मध हवा असेल तर त्याने दगडमातीची भिंत फोडावी. तुर्कस्तानात त्राबझोनच्या इब्राहिम सेदेफ या मधपाळाने पेट्यांना कुंपण, जाळ्या, सगळं करून पाहिलं आणि अस्वलं येतच राहिली. शेवटी २०१९ मध्ये त्याने कॅमेरे लावले आणि टेबलावर वेगवेगळे मध मांडून अस्वलांना चव घ्यायला बसवलं. अस्वलं पुन्हा पुन्हा वळली ती अंझेरच्या मधाकडे, म्हणजे त्यातल्या सगळ्यात महागड्याकडे. जगभर हसू झालं. त्याचं नुकसान मात्र त्यामुळे भरून निघालं नसावं.

बाकी सगळीकडे आता विजेचं कुंपण चालतं. त्याचं तत्त्व आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे, कारण रानडुकरांसाठी हेच ‘झटका मशीन’ बांधावर लागलेलं असतं. बॅटरी किंवा सौर पॅनेल, एक यंत्र, तारा आणि जमिनीत चांगला गाडलेला अर्थिंगचा गज. तारेत काही हजार व्होल्टचा झटका येतो, पण सेकंदाला साधारण एक आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ. जनावर दचकतं, पोळतं, पळतं, मरत नाही. अस्वलाच्या बाबतीत अडचण केसांची. पाठ तारेला घासली तर त्याला कळतही नाही. झटका लागायचा तर नाकाला किंवा जिभेला. म्हणून परदेशी मधपाळ तारेवरच खाण्याचं आमिष लावतात, म्हणजे पहिली भेट नाकानेच होते आणि अस्वल तो धडा विसरत नाही.

शहापूर-मुरबाडमध्ये झटका मशीनपेक्षा घातक चाल आहे ती घरच्या मीटरमधून किंवा खांबावरच्या आकड्यावरून थेट तार ओढण्याची. ती झटका देत नाही, धरून ठेवते. तिच्यात रानडुकरं मरतात, बिबटे मरतात, आणि सकाळी पाणी सोडायला गेलेली माणसंही. त्यावर वीजचोरीचा गुन्हा होतो, माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचा. वनखात्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान असताना कोणी आकडा टाकायचा, हे परवडणारं नाही. असो. ते डुकराचं प्रकरण. आपण माशीकडे येऊ.

*

या रानात मधमाश्या चार. आग्या सगळ्यात मोठी आणि सगळ्यात तापट. उंच झाडाच्या आडव्या फांदीखाली किंवा कड्याच्या कपारीखाली उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते, हातभर किंवा त्याहून रुंद. फुलोरी छोटी, झुडपातल्या डहाळीला तळहाताएवढं पोळं लावणारी. सातेरी अंधारात राहणारी: झाडाची ढोली, दगडाची फट, सोडून दिलेलं वारूळ, कधी घराची भिंत, एकाला लागून एक अशी समांतर पोळी बांधते आणि पाळायला येते ती हीच. चौथी बिननांगीची, पोयाची माशी, जिचा चमचाभर आंबट मध औषधाला जपून ठेवतात.

महामार्गावरच्या बाटलीत बहुतेक आग्याचा मध असतो. आग्या फिरती माशी आहे. पावसाळा संपला, रानात फुलोरा आला की ती येते, आणि पाऊस तोंडावर आला की उठून जाते. गंमत अशी की वर्षानुवर्षं ती त्याच झाडांवर उतरते. एकेका जुन्या झाडावर किंवा पाण्याच्या टाकीखाली पाच-दहा पोळी शेजारी-शेजारी. चांदण्या रात्रीही ती फुलांवर जाते. गांधीलमाशी जवळ आली की पोळ्यावरच्या हजारो माश्या एकामागून एक पोट उचलतात आणि पोळ्यावरून लाट धावल्यासारखी दिसते. ही लाट पाहून गांधीलमाशी मागे सरते. धूर मात्र या लाटेला जुमानत नाही.

मोहोळ झाडण्याची जुनी रीत साधी. वाळक्या गवताची, पाल्याची चूड बांधायची, पेटवायची, पोळ्याखाली धरायची. माश्या उठतात, काही जळतात, काही ठिणग्यांमागे खाली येतात. पोळं कोयत्याने तोडून फडक्यात घ्यायचं आणि पिळायचं. हे करायला अंगात मुळात कौशल्य लागतं. अंधारात, साध्या धोतरा-लुंगीवर, साठ फुटांवर चढून फांदीच्या टोकाशी जाणं हे शहरी माणसाने करून दाखवावं. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांच्यात असे चढणारे होते आणि आहेत. माशीचं येणं-जाणं, कोणत्या फुलावर कोणता मध, पोळं भरलं की नाही हे खालून पाहून सांगणं, हे ज्ञान त्यांच्याकडेच आहे.

पोळ्याची रचना त्या माणसाला ठाऊक असते. फांदीलगतचा, पोळ्याच्या वरच्या कडेचा जाड फुगीर भाग म्हणजे मधाचा साठा. त्याखाली पराग. आणि खालचं सगळं रुंद, पातळ पान म्हणजे पिल्लं. वर्ध्याच्या डॉ. गोपाल पालीवालांनी विदर्भातल्या मध गोळा करणाऱ्यांबरोबर जे काम केलं त्याचा गाभा इतकाच आहे: अंगावर जाळीचा पोशाख घाला, चूड लावू नका, थोडासा थंड धूर द्या, माश्या बाजूला सरल्या की फक्त तो फुगीर भाग कापून बादलीत घ्या आणि पिल्लांचं पान फांदीला तसंच राहू द्या. पिल्लं असली की माश्या घर सोडत नाहीत. फुलं असतील तर त्या तोच भाग पुन्हा बांधून भरतात. एका हंगामात त्याच पोळ्यातून दोनदा, कधी तीनदा मध निघतो, आणि तोही न पिळता, गाळून.

यात चमत्कार नाही. मधपेटीमागचा शोध हाच आहे. १८५१ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथने माशीला जायला-यायला किती फट लागते ते ओळखलं, त्यामुळे हलवता येणाऱ्या चौकटी शक्य झाल्या, आणि पुढे खाली शिशुकक्ष, वर मधुकक्ष अशी पेटी जगभर रुळली. त्याआधी युरोपातही मधपाळ गवताच्या टोपल्यांतल्या माश्या गंधकाच्या धुराने मारूनच मध काढत. तेव्हा चूड लावणाऱ्या कातकऱ्याला अडाणी म्हणण्याआधी हे माहीत असावं.

मग ज्याला पोळ्याची रचना माहीत आहे, फुगीर भाग कुठला हे जो अंधारात हाताने चाचपून सांगतो, तो सगळंच का पिळतो?

*

माझं उत्तर असं आहे की, तो पिळतो कारण झाड त्याचं नाही. आज त्याने पिल्लांचा भाग राखला तर उद्या रात्री दुसरा कोणीतरी येऊन तो नेणार, मधासकट नाहीतर मधाविना. अर्धं ठेवणारा अर्ध्याला मुकतो. अस्वलाचाही हिशेब अगदी हाच असतो: सापडलं तेव्हा सगळं खा, कारण पुन्हा येशील तेव्हा ते तिथे नसेल. फरक एवढाच की अस्वलाला दुसऱ्या अस्वलाशी बोलून नियम करता येत नाही.

झाड त्याचं का नाही, याला इतिहास आहे. ठाणे जिल्ह्यातल्या जंगलांवर सरकारने कडक पहारा बसवला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे वर गेली आणि शहापूरचं लाकूड-कोळसा मुंबईच्या दाराशी आला. कात पाडण्यावर जगणाऱ्या कातकऱ्यांचा धंदा त्याच काळात गेला. जिल्ह्यातून इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये सरकारला ठाणे-कुलाब्याच्या जंगल-तक्रारींसाठी आयोग नेमावा लागला. पुढे १९२७ च्या भारतीय वन कायद्यात ‘वनोपज’ म्हणजे काय याची व्याख्या आली, आणि त्यात हाडं, शिंगं, रेशीम यांच्याबरोबर मध आणि मेणही आलं. जंगलातून आणलेला मध सरकारचा. मोहोळ झाडणारा माणूस कायद्याच्या नजरेत जवळजवळ अस्वलासारखाच, रानात घुसून नेणारा. घाईने, रात्री, कोणी पाहायच्या आत.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हे उलटं केलं. गौण वनोपजाच्या व्याख्येत मध आणि मेण नाव घेऊन आले, त्यांवर मालकी गोळा करणाऱ्यांची झाली, आणि कलम ५ ने ग्रामसभेला आपल्या हद्दीतलं वन, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार दिला. सामूहिक वनहक्काचे दावे या पट्ट्यात झाले ते मुख्यतः संघटनांच्या रेट्यामुळे. मुरबाडमध्ये श्रमिक मुक्ती संघटनेचं नाव त्यात ठळक. पण दाव्याचा कागद हातात आला म्हणून मोहोळाची वाटणी आपोआप होत नाही.

त्यात आणखी एक गाठ आहे, आणि ती कायद्याच्या पुस्तकात दिसत नाही. मधाचा मोसम फेब्रुवारी ते मे. शहापूर-मुरबाडची कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. म्हणजे आग्या माशी येते त्याच सुमाराला तिला ओळखणारा माणूस निघून जातो, आणि दोघं आपापल्या जागा सोडून फिरतात ते जवळजवळ उलट्या वेळापत्रकाने. चढणारा भट्टीवर विटा पाडत असतो. मोहोळ मग ज्याच्या हाती लागेल त्याच्या हाती लागतं. आठवडाभराची सुट्टी काढून आलेला, चढायला न शिकलेला, झाडच तोडून पोळं खाली आणणारा. चूड निष्काळजीपणे टाकून दिली की खालचं गवत पेटतं. मार्च-एप्रिलमध्ये माहुलीच्या, तानसाच्या बाजूचे डोंगर काळे दिसतात, त्या सगळ्या वणव्यांचा दोष मधाला देता येणार नाही. मोह वेचण्यासाठी झाडाखाली लावलेली आग असते, शेतातली राब असते, फेकलेली विडी असते. पण मोहोळाचीही एक ठिणगी त्यात असते.

भावाचं म्हणाल तर केंद्र सरकारने २०२० मध्ये रानातल्या मधाला किलोमागे २२५ रुपये किमान आधारभूत किंमत ठरवली. महामार्गावर याहून जास्त मिळतो, घासाघीस करूनही. मग किमतीत फरक पडणार कुठे? स्वच्छ मधाला गढूळ मधापेक्षा जास्त भाव मिळाला तर. शहापूरमध्ये याचं एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. कातकरी तरुणांनी उभ्या केलेल्या वनधन केंद्राने करोनाच्या काळात गुळवेल गोळा करून, वाळवून डाबर, बैद्यनाथसारख्या कंपन्यांना विकली, आणि मोठ्या मागण्या पुऱ्या केल्या. गुळवेल आणि मध मात्र सारखे नाहीत. गुळवेल वाळवली की टिकते. आग्याच्या मधात पाण्याचा अंश मुळातच जास्त, त्यात पिळलेल्या अळ्या असल्या की तो पंधरवड्यात आंबतो. म्हणून तो रस्त्यावरच, त्याच दिवशी विकावा लागतो. पिल्लांचा भाग झाडावर राहिला तर मध टिकतो, आणि टिकला तरच तो कुठल्या केंद्रापर्यंत पोचतो.

*

सातेरीची गोष्ट जरा वेगळी. ती पेटीत येते, आणि पेटीला राखण घराची असते. महाराष्ट्रात सातेरीची पंढरी महाबळेश्वर. राज्याचं मध संचालनालय तिथे आहे, आणि मे २०२२ मध्ये तिथलं मांघर हे देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ झालं. कोल्हापुरात भुदरगड तालुक्यातलं पाटगाव त्यामागून आलं. पाटगाव राधानगरीच्या शेजारचं, म्हणजे अस्वलाच्या मुलखातलं. अशा गावात पेट्या घराजवळ, उंच लोखंडी घोडीवर ठेवाव्या, कापलेलं मेण किंवा पोळ्याचे तुकडे आसपास टाकू नयेत, हे नियम जीव लावून पाळावे लागतात, कारण वासच अस्वलाला बोलावतो.

मुरबाडच्या पेटीला धोका लहान-लहान जनावरांचा. मुंग्या पहिल्या, त्यांच्यासाठी घोडीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. मग मेणपतंग: त्याच्या अळ्या दुबळ्या वसाहतीच्या पोळ्यांत जाळी विणत सुटतात आणि एक दिवस माश्या पेटी सोडून उठून जातात. गांधीलमाश्या दारावर टपून एकेक कामकरी माशी उचलतात. सातेरीचा त्यावर अस्सल उपाय आहे. शेकडो माश्या मिळून गांधीलमाशीला चिकटतात, तिचा गोळा करतात आणि छातीचे स्नायू थरथरवून आतलं तापमान ४६-४७ अंशांपर्यंत नेतात. गांधीलमाशी त्यात भाजून मरते, सातेरी थोड्याच अंशांच्या फरकाने वाचते. १९९५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी तिथल्या सातेरीच्या बहिणीवर हे मोजून दाखवलं. वेडा राघू, मधुबाज हे पक्षीही माशीचे गिऱ्हाईक, पण त्यांच्याने पेटी बसत नाही.

पेटी बसते ती दोन गोष्टींनी. एक, पाऊस. जून ते सप्टेंबर फुलं नाहीत, उडायला उघाड नाही. साखरेचा पाक वेळेवर दिला नाही तर सातेरी उपाशी राहते आणि घर सोडते. महाबळेश्वरला मुरबाडहून कितीतरी जास्त पाऊस पडतो आणि तरी तिथे पेट्या टिकतात, कारण तिथल्या घरांत ही सवय पिढ्यांची आहे. वाटपात पेटी देता येते. ही सवय वाटता येत नाही. दोन, फवारणी. शहापूर-मुरबाडच्या नदीकाठी, भातामागून काकडी, कारली, दुधी, शिराळी, भेंडी मुंबईच्या बाजारासाठी लागते. काकडीवर्गात नर-मादी फुलं वेगळी, माशी आली नाही तर फळ वाकडं येतं किंवा येतच नाही. आणि नेमक्या त्याच फुलांवर, सकाळी, माशी कामावर असताना, पंप चालतो. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्या शेतात वापरायला बंद केली. आपल्याकडे ती कृषी केंद्राच्या फळीवर समोरच असतात. निदान फवारणी संध्याकाळी करा, हे सांगायला कोणाचं अनुदान लागत नाही.

उतारावरची खुरासणी हे सातेरीचं खरं पीक. आश्विन-कार्तिकात डोंगरउतार पिवळे होतात ते तिच्यामुळे. खुरासणीचं फूल स्वतःच्या परागाने फळत नाही. माशी नसेल तर तेल नाही. आता ती पेरणारे कमी झाले, आणि मग जानेवारीपर्यंत पेटीला खायला काय, हा प्रश्न उभा राहिला.

आणि कारवी. माळशेज, माहुली, सिद्धगडच्या उतारांवर गच्च वाढणारं हे झुडूप सात-आठ वर्षांनी एकदाच फुलतं; मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानातली कारवी २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. कारवीचा मध दाट, गडद. देशाच्या अन्न-मानकांत मधातल्या उसाच्या साखरेची कमाल मर्यादा पाच टक्के आहे. कारवीच्या मधाला, तिचं शास्त्रीय नाव घालून, दहा टक्क्यांची सवलत दिलेली आहे. दिल्लीच्या नियमांत सह्याद्रीच्या एका झुडपासाठी ओळ खर्च झालेली पाहून मला दर वेळी बरं वाटतं. ज्या घरांच्या कुडाच्या भिंती कारवीच्या, त्या घरांतल्या माणसांना ही सवलत माहीत असण्याचं कारण नाही.

*

गोरखगड, माहुली, नाणेघाट, कोकणकडा इथल्या कपारींतली आग्या पोळी हा एक वेगळा ताप. शनिवार-रविवारी वर चढणारी मंडळी खाली चूल पेटवतात, ढोल वाजवतात, अत्तर मारून येतात. एक माशी डसली की तिच्या नांगीबरोबर सुटलेला वास बाकीच्यांना हाक घालतो, आणि कड्यावर पळायला जागा नसते. दुसऱ्या दिवशी मागणी येते: पोळी जाळून टाका. वाचवायला ज्याला बोलावतात तो बहुतेक वेळा खालच्या पाड्यावरचाच, चढणारा.

तोच माणूस राखणदार होऊ शकतो, आणि मला वाटतं, दुसरा कोणी होऊच शकत नाही. त्यासाठी यंत्र लागत नाही. एक जाळीचा पोशाख, धारदार सुरी, झाकणाची बादली आणि एक ठराव लागतो. ठरावात फार लिहायचं नाही. पाड्याच्या हद्दीतली आग्या उतरते ती झाडं आणि कपारी नावानिशी नोंदवायच्या. त्यावर पहिला हक्क कोणाचा ते लिहायचं. चूड नाही, झाड तोडणं नाही, पिल्लांच्या पानाला हात नाही. जो भट्टीवर गेला आहे त्याचं झाड तो येईपर्यंत किंवा त्याने सांगितलेल्या माणसाकडेच. मोडलं तर दंड किती, तोही तिथेच. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याच्या नियमांत पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते, म्हणजे दूरच्या ग्रामपंचायतीची वाट पाहायची गरज नाही.

फक्त तारीख पाहावी लागेल. महाराष्ट्रात ग्रामसभेचे ठरलेले दिवस चार: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. मे महिन्यात मोहोळं झाडून झालेली असतात. ऑगस्टात लावणीनंतरचा चिखल आणि बाकीचे विषय. जानेवारीत निम्मा पाडा भिवंडीच्या भट्ट्यांवर असतो, आणि सही करायला जे उरतात त्यांतले बरेचसे म्हातारे, झाडावर न चढणारे. उरली ऑक्टोबरची. उचल घेतलेली नसते, मुकादम अजून दारात आलेला नसतो, खुरासणी फुलायला लागलेली असते आणि आग्याची पहिली पोळी त्याच जुन्या फांद्यांवर बसत असतात.